राजाच्या नावाचा दाणा

ऐन भात दुधात आलं असताना गारा पडल्या आणि कापणीला लोकांच्या हाती नुसता पेंढा आला. हे कुणाचं तरी चेटूक, असं गावचा भगत म्हणाला. त्यानं घरोघरचा एकेक दाणा मागवला आणि राजासमोर, ज्याच्या त्याच्या नावानं परातीतल्या पाण्यात सोडला. ज्याचा दाणा तरंगेल, त्यानंच गारा पाडल्या.

सगळे दाणे बुडाले. भागूआजीचा तेवढा तरंगला.

भागूआजी गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तेच गाव आता तिच्यापासून चार पावलं मागं सरलं.

"दिवस मावळायच्या आत हिला वेशीबाहेर काढा," राजा म्हणाला.

एका शेतकऱ्याची पोर हौसा पुढं आली. "महाराज, म्हातारी रानात जगायची नाही. गारा तिनं पाडल्या नाहीत."

"मग कुणी पाडल्या? दिवस मावळायच्या आत तो माणूस माझ्यापुढं उभा कर. नाहीतर तूही हिच्याबरोबर चालू लाग."

आजी कुजबुजली, "पोरी, गप बस. तुझं लग्न व्हायचंय."

"आणि माझं बाळंतपण कोण करणार गं?" असं म्हणून हौसा पळाली, ती थेट राजाच्या खळ्यावर. परतली तेव्हा हातात भाताची लोंबी होती.

"महाराज, भगतबुवांनी एक नाव वगळलं. तुमचं."

राजानं भुवया चढवल्या. "सोड दाणा."

दाणा तरंगला. दुसरा तरंगला. तिसराही.

"माणूस सापडला," हौसा म्हणाली. "पण महाराज, तुमच्यापुढं तुम्हालाच उभं कसं करू? आरसा मागवू का?"

भगताला घाम फुटला. "नाही, नाही! महाराज कसे चेटूक करतील? यंदाचं भात गारांनी पोचं झालंय. पोचा दाणा तरंगायचाच!"

"मग बाकीच्यांचे का बुडाले?" हौसानं विचारलं.

"ते कणगीतले. गेल्या सालचे."

"आजीला ना शेत, ना कणगी. कापणीनंतर पडलेल्या लोंब्या वेचून ती पोट भरते. तिचा दाणा यंदाचाच, बुवा."

राजा परातीकडं बघत राहिला. मग पोट धरून हसू लागला.

"आजीला माझ्या कोठारातलं खंडीभर भात द्या. भरल्या दाण्याचं. आणि बुवा, ती परात तुम्हीच ठेवा. पेरणीआधी गावाचं बियाणं पाण्यात टाकून पोचं वेगळं काढत जा, तेवढं तुम्हाला छान जमतं. हौसाला ओढ्याकाठचं शेत द्या."

हौसा वाकून नमस्कार करून निघाली, तर राजानं मागून हाक मारली.

"आणि राजवाड्यातला मोठा आरसाही घेऊन जा. माझं तोंड मला आज परातीतच दिसलं."