तासाभरावरचं नाशिक

नाशिकचं विमान सुटायची वेळ टळली, तरी आमदार दाजीसाहेब विमानतळाच्या दारात हार घालून घेत उभे होते. त्यांना सोडून विमान हलवायला कोणी धजेना. त्याच विमानाने निघालेल्या कुमुदताई त्यांच्यापाशी गेल्या. लेकीला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी त्यांना पोहोचायचं होतं.

"साहेब, चला ना आता," त्या काकुळतीने म्हणाल्या.

"अहो ताई, नाशिक नऊ तासांवर होतं. मी विमान सुरू करून ते एका तासावर आणलं! आता तासभर थांबलात तर बिघडलं कुठे?"

"लेकीला तेच कळवते, साहेब. आमदारांनी नाशिक एका तासावर आणलं आणि आज हारांपायी परत दोन तासांवर नेलं."

हार धरलेले कार्यकर्तेसुद्धा हसले. दाजीसाहेब हारांसकट विमानाकडे निघाले. कुमुदताई त्यांच्याही पुढे धावत होत्या.