सुट्या भागांची पत्रिका

इचलकरंजीत लग्नं जुळवावीत ती अप्पांनीच, आणि घरातही शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांच्या नव्या सूनबाईला, केतकीला, साड्यांची नक्षी काढायला कॉम्प्युटर हवा होता. तिच्या कामाला पुरेल असा तयार कॉम्प्युटर परवडेना, म्हणून सुटे भाग आणून तो घरीच जोडायचं तिने ठरवलं.

"छे! तयारच घ्यायचा," अप्पा गरजले. "त्यात सगळं एकाच घराण्याचं असतं. दहा घरचे भाग एका पेटीत नांदतील का?"

केतकीने चहा पुढे केला. "अप्पा, मी चिपळूणची, हे इथले. पत्रिका पाहून तुम्हीच आम्हाला एका घरात आणलंत. मीही कुठला भाग कुणाशी जुळतो ते पाहूनच आणणार. आणि सगळं एकाच घराण्याचं म्हणजे सगोत्र झालं की! सगोत्र स्थळ तर तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवता."

सासूबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाशी धरला. अप्पांनी कप खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "बरं, गुण किती जुळतायत?"