सुई काही खाली उतरेना

सुया आणि मशीनं बोलायची, त्या काळातली गोष्ट.

ब्लाऊज शिवणाऱ्या हौसाक्कांच्या मशीनची सुई बोथट झाली. कापडाचे धागे ओढायला लागली.

मशीन म्हणालं, “बाई गं, जरा खाली उतर. हौसाक्का तुला दगडावर घासून धार लावतील.”

“आणि तेवढ्यात माझ्या जागी दुसरी बसली म्हणजे?” सुई फणकारली. “मी इथूनच धार लावून घेणार. हौसाक्का, वाळूचा खरखरीत पॉलिश पेपर सरकवा माझ्याखाली!”

“अगं, त्याची वाळू माझ्या पोटात जाईल!” मशीन कळवळलं.

पण हौसाक्कांनी सुईचा हट्ट पुरवला. सुईनं पॉलिश पेपरला खटाखट भोकं पाडली. ती लखलखली, अन् मशीन करकरत बंद पडलं.

वाळू काढायला हौसाक्कांनी मशीन खोललं. सगळ्यात आधी काढली, ती सुई.