बदकांची गायनशाळा आणि अकरा जणींची आमटी

महाराजांच्या बदकांना गाणं शिकवायचं होतं आणि जागाच सापडत नव्हती! राजवाड्यात रियाज सुरू केला, तर तिसऱ्या दिवशी राणीसाहेब माहेरी निघून गेल्या. मग महाराजांची नजर विद्यापीठाच्या कुंपणाला लागून असलेल्या घरावर गेली.

त्या घरात अकरा मुली राहत. म्हाळसा तेलिणीने मरताना ते 'शिकणाऱ्या सगळ्या पोरींना' देऊन टाकलं होतं. जिला शिष्यवृत्ती मिळेल तिला तिथे फुकट जागा; बदल्यात प्रत्येकीने घरातलं एकेक काम करायचं. बुरुडाची तुळजा त्यांतलीच. दोन वर्षं ती एका हातात वैद्यकाची पोथी धरून दुसऱ्या हाताने आमटी ढवळत होती. घर गेलं तर तिचं शिक्षणही गेलं, कारण शहरात दुसरीकडे ठेवणं तिच्या बापाला झेपणारं नव्हतं.

महाराजांनी मुलींना दरबारात बोलावलं.

"त्या घराची मालकीण कोण?"

"आम्ही सगळ्याजणी," तुळजा म्हणाली.

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही! आणि जे कोणाचंच नाही ते राजाचं. दिवाणजी, बदकं हलवा!"

"अहो महाराज, थांबा की!" तुळजा ओरडली. "फाशीच्या कैद्यालाही एक संधी देतात!"

महाराजांना हट्टाइतकीच पैजेची आवड. ते म्हणाले, "बरं! उद्या दुपारी मला कोणीच न केलेली आमटी आणून दे. आणलीस तर घर तुमचं. नाही आणलीस तर संध्याकाळपासून तिथे बदकांचा भूप!"

घरी येताच दहाजणी रडायला बसल्या. तुळजा म्हणाली, "रडताय काय? रोजच्यासारखी आमटी करा!"

दुसऱ्या दिवशी दरबारात पातेलं आलं.

"ही कोणी केली?" महाराजांनी डोळे वटारले.

"मी नाही बाई! मी फक्त डाळ निवडली," पहिली म्हणाली.

"मी नुसती धुतली."

"मी लाकडं फोडली. लाकडं म्हणजे काय आमटी?"

"मी जाळ घातला."

"मी चिंच कोळली."

"मी फोडणी दिली आणि शिंकत बाहेर गेले!"

अशा सगळ्या बोलल्या. शेवटी तुळजा म्हणाली, "मी ढवळली, महाराज. पण मी तर वाचत होते. आमच्यातल्या एकीलाही अख्खी आमटी येत नाही!"

दिवाणजींनी बोटांवर मोजून पाहिलं. अकरा जणींत आमटी करणारी एकही सापडेना!

"फसवता का मला?" महाराज गरजले. "ही तुम्ही सगळ्यांनी मिळून केलीय! सगळ्यांची आहे ही!"

"सगळ्यांची? म्हणजे कोणाचीच नाही ना?"

"अगं, सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची!"

"मग घरही सगळ्यांचंच झालं की! आणि ही कोणीच केली नसेल, तर पैज आम्ही जिंकली. आता महाराजांनीच सांगावं, आम्ही कोणत्या बाजूने जिंकायचं?"

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट पातेल्यात पडता पडता दिवाणजींनी झेलला!

"घर तुमचं! कायमचं! ताम्रपट करून द्या!"

"आणि बदकं?" दिवाणजींनी विचारलं.

"बदकं तुमच्या घरी!"

हसत हसतच महाराजांनी वाटीभर आमटी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "अळणी! मीठच नाही!"

तुळजा खाली बघू लागली. "मीठ सेवंतीकडे होतं. आमची बारावी. आषाढात तापाने गेली. कामांच्या फळ्यावरचं तिचं नाव पुसायला कोणाचा हात होईना. मग ते काम दुसरीला कसं द्यायचं?"

"आषाढापासून अळणी खाताय? सवय झाली असेल आता."

"नाही, महाराज. सवय होत नाही."

महाराजांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाव तसंच राहू दे. तिच्या वतीने मीठ मी घालीन!"

दुसऱ्या दिवशी महाराज मिठाचा डबा काखेत मारून दारात हजर!

"उशीर केलात!" तुळजाने पोथीतून डोकं वर काढलं. "आमटी केव्हाच उतरली. इथे कामाला वेळेवर यावं लागतं!"

"मग ताटात वाढतो!" म्हणत महाराज खदखदून हसले आणि अकरा ताटांच्या डाव्या कडेला चिमूट चिमूट मीठ वाढत गेले.