येसूचा खडक

आमच्या सड्यावर गुरांना कुणी तोंडानं हाक मारत नाही. हा खळगा पडलेला खडक दिसतोय ना, त्यावर गोटा आपटायचा. आपटून आपटूनच खळगा पडलाय. फोटो काढा, पण टेकून उभं राहू नका.

पूर्वी इथं धोंडाई नावाची गवळण होती म्हणे. तेव्हा घराघराची हाळी निराळी. गाई आपल्या घरच्याच हाळीला यायच्या, परक्यानं कितीही ओरडावं, हलायच्या नाहीत. चोरांपासून राखण होती ती. धोंडाईची हाळी तिला आणि तिच्या लेकीला, येसूला, दोघींनाच यायची. येसूचं लग्न झालं. नवरा कोंडिबा गोडबोल्या. "मी काय परका हाय व्हय?" म्हणाला, आणि हिनं शिकवली.

येसू माहेरी आली होती, तेव्हा भर दुपारी धोंडाईच्या सगळ्या गाई रानातून गेल्या. शेजारीण म्हणाली, "तुझीच हाळी ऐकली की. आवाज घोगरा वाटला, म्हटलं घसा बसला आसंल."

धोंडाईनं वाडीसमोर देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली. ज्यानं हाळी बाहेर दिली, त्याची जीभ कापीन.

माणसं धावली. घाटाखाली गाई सापडल्या, कोंडिबा हातातून निसटला. पण त्याला ओळखलं सगळ्यांनी. मग सगळी येसूकडं बघायला लागली.

पंच म्हणाले, "पोर हाय, चुकली. देवीला बोकड दे नि सोड."

"भंडारा मी उचललाय, बोकडानं न्हाई."

येसू म्हणाली, "आये, गाई घावल्या की गं." तिचं तेवढंच शेवटचं बोलणं. विळा आईनंच चालवला. देवीला दोष देऊ नका. देवी काही मागायला आली नव्हती, तोरा बाईचा होता.

दिवस कलताना धोंडाईनं हाळी घातली. एकाही गाईनं पाऊल उचललं नाही. ओरडून ओरडून तिच्या घशातून रक्त आलं. तेव्हा तोंडात पदर कोंबलेली येसू या खडकापाशी आली आणि तिनं गोटा आपटला. सगळ्या गाई तिच्याकडं गेल्या. ती पुढं, गाई मागं, अशी घाट उतरून गेली. धोंडाई हाका मारत राहिली, असं सांगतात. कुणी वळून बघितलं नाही.

आजही आमच्यात लेक सासरी निघाली की आई तिला इथं आणते. लेक गोटा आपटते, गाई जमतात, त्यातली हवी ती ती निवडते. तोवर आईनं तोंड उघडायचं नाही. माझीनं सगळ्यात दुभती नेली. मी दात आवळून उभी होते.