द्वारकाकाकूंची वाटी

"...मग बुवा, उद्याच्या माझ्या ठरावाला तुमचा आशीर्वाद आहे ना?"

दिगंबर खरवंडीकर आल्यापासून हेच विचारत होते. फक्त शब्द बदलत होते.

नागूबुवा शेगडीपुढे बसले होते. दूध कितपत तापलंय ते पातेल्याला हात लावून बघत होते.

कापडपेठेच्या मागच्या बोळात बुवांचा मठ. मठ म्हणजे एक खोली, एक पखवाज आणि एक मांजर. दिगंबर लहानपणी इथं पखवाज शिकायला यायचे. हातात ताल काही बसला नाही, पण बुवांचा लळा लागला तो लागलाच. आता ते नगरपालिकेच्या स्थायी समितीचे सभापती होते. सगळं शहर त्यांना 'हो साहेब' म्हणायचं. बुवा तेवढे काहीच म्हणत नव्हते.

दिगंबरांनी जमिनीवर नकाशा पसरला.

"हा आपला चौक. गेल्या महिन्यात या गोदामांच्या कोपऱ्यावर मोटरसायकलनं एका बाईला उडवलं. पाय मोडला तिचा. लोक माझ्या दारात येऊन ओरडले. बरोबरच ओरडले."

"हं."

"अंदाजपत्रकात पैसा एकाच कामापुरता आहे. एकतर सावकारे चाळ दुरुस्त करायची, नाहीतर ती पाडून चौक रुंद करायचा. समितीत मतं निम्मी निम्मी आहेत. मी हात वर करीन तिकडे निकाल."

"आणि चाळीतली माणसं?"

"हायवेपलीकडे फ्लॅट देतोय. लिफ्ट आहे, बुवा! आणि नाहीतरी पेठेत राहती वस्ती तेवढीच उरलीय. ती हलली की या चौकात एकसुद्धा अपघात व्हायचा नाही."

"का रे?"

"रस्ता ओलांडायला माणूसच नसेल ना."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते वाक्य जरा चमत्कारिक वाटलं. पण सभेत खपून गेलं असतं.

बुवांनी पातेलं खाली उतरवलं.

"दूध कोमट झालंय. मांजरानं दह्याचं भांडं चाटूनपुसून साफ केलं. जा, विरजण घेऊन ये."

"मी?"

"मग काय मांजराला पाठवू?"

"ड्रायव्हरला सांगतो. डेअरीतून दह्याचं पाकीट..."

"पाकीट नको. कुणाच्या तरी घरून आण."

दिवेलागणीची वेळ होती. सभापती विरजण मागायला पेठेत निघाले.

पेठ उजेडानं नुसती लखलखत होती. पण तो सगळा उजेड खाली, दुकानांत. वरच्या मजल्यांवर अंधार. ज्या खिडक्यांतून एके काळी फोडणीचा वास यायचा, तिथं कापडाचे गठ्ठे रचले होते. त्यांनी एका ओळखीच्या दुकानदाराला विचारलं.

"विरजण?" तो हसला. "साहेब, इथं कुणाचं घर आहे? शटर ओढलं की आम्ही सगळे गावाबाहेर."

लहानपणी याच वेळी आई त्यांना रस्त्यापलीकडच्या चाळीत धाडायची. 'द्वारकाकाकूंकडून विरजण आण. वाटीवर हात धर. धावू नकोस.' पुढे त्यांनी बंगला बांधला आणि आईला तिकडे नेलं. शेवटची काही वर्षं ती खिडकीशी बसून असायची. समोर कंपाउंडची भिंत. 'आज रस्त्यावर कुणीच कसं दिसत नाही रे?' असं विचारायची. तेव्हा त्यांना तिचा राग यायचा. आज भर बाजारात उभं राहून त्यांना तिची फार आठवण आली. इतकी, की पुढचा दुकानदार नमस्कार करत होता तेही कळलं नाही.

रस्त्यापलीकडे सावकारे चाळीत मात्र दिवे लागले होते.

जिन्याशी उद्याच्या ठरावाची नोटीस चिकटवलेली होती. खाली त्यांचीच सही होती. तिच्याकडे न बघता ते वर गेले.

द्वारकाकाकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"कोण, दिगू? विरजण हवंय ना?"

"काकू... तुम्हाला कसं कळलं?"

"या वेळेला तू आणखी कशाला येणार?"

त्या आत गेल्या आणि छोट्या वाटीत चमचाभर दही घेऊन आल्या. नोटीस त्यांनीही वाचलेली होती. चाळीत कुणी वाचली नव्हती? पण त्या वेगळंच बोलल्या.

"तुझ्या आईनं माझी वाटी कधी रिकामी धाडली नाही बघ. कधी शिरा, कधी वड्या. त्यातलं अर्धं तू जिन्यातच संपवायचास, मेल्या."

दिगंबरांना हसू आलं. मेल्या म्हणणारं त्यांना आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

वाटीवर हात धरून ते खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

गाड्या थांबेनात. एक पाऊल टाकलं की कुणीतरी हॉर्न वाजवत अंगावर येई. स्वतःच्या गाडीतून उतरलं की या वाहनवाल्यांत त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. एक पाऊल पुढे, दोन मागे. वाटीतलं दही डचमळलं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"अरे ए, दमानं! पोरगं रस्ता ओलांडतंय, दिसत नाही का?"

करकचून ब्रेक लागले. चौक थांबला. स्कूटरवाला पाय टेकून ते पोरगं शोधू लागला. त्याला दिसले एक साठीचे गृहस्थ, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात, हातात वाटी धरलेले.

त्यांनी रस्ता ओलांडला. न धावता. मागे वळून बघायचं त्यांना धाडस झालं नाही. काकू गॅलरीत उभ्या असणार हे त्यांना ठाऊक होतं. ते पलीकडे पोचेपर्यंत त्या बसायच्याच नाहीत.

मठात बुवांनी दही दुधात कालवलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते कोपऱ्यात सरकवलं.

दिगंबर नकाशाच्या कडेला टेकले.

"बुवा..."

"बोल."

"काकू मला अजून..."

त्यांनी नकाशाची दुमडलेली कडा सरळ केली.

"मला इथं परत राहायला यावंसं वाटतंय, बुवा. फार वाटतंय. पण यायचं कुठं? आमच्या घराच्या जागी पार्किंग आहे. ते मीच मंजूर केलं."

बुवांनी मांजराला पातेल्यापासून दूर केलं.

"उद्या मी काय करू?"

बुवा उठले. वाटी घासली, विसळली, धोतराच्या सोग्याला पुसून कोरडी केली. जमिनीवरच्या नकाशाची गुंडाळी करून बाजूला ठेवली आणि वाटी दिगंबरांच्या हातात दिली.

"सभा कधी आहे?"

"सकाळी."

"मग दुपारी ही काकूंना नेऊन दे. रिकामी देऊ नकोस."