शेवू आणि मूठभर भीती

अबोलीच्या मळ्याकाठी एका इवल्या झोपडीत शेवू राहायची. बाबा फुलं बाजारात न्यायचे, आई गजरे गुंफायची आणि शेवूचं काम एकच, प्रश्न विचारणं! आईच्या पोटातलं बाळ काय खातं? त्याला अंधाराची भीती वाटते का?

आईला मधूनच आकडी यायची. ती पडायची, हातपाय झटकायची. मग शेजारची भागामावशी धावत येऊन तिच्या नाकाला कांदा लावायची. "त्या आकडीच्या गोळ्या बंद कर गं, बाळाला बाधतील," असंही बजावायची. आईनं ऐकलं आणि आकडी जास्तच येऊ लागली. आईचं नि बाळाचं कसं होणार, या काळजीनं शेवूला घास गोड लागेना. बिचारी पोर!

एका सकाळी मळ्यात, कोळ्याच्या जाळ्यात तिला नारिंगी ठिपका चमकताना दिसला. शेवूनं हलकेच जाळं सोडवलं. आणि काय आश्चर्य! आत होती बोटाएवढी परी. केशरी पंख, चंदेरी पावलं!

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण दुसऱ्यासाठी मागायची, तर आधी त्यालाच विचारून यायचं हं."

"का?"

"विचार, म्हणजे कळेल."

शेवू घरी धावली. गरोदर बाईचे डोहाळे सारा गाव पुरवतो, पण आकडीला घाबरून आईला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आई, तुला काय हवंय?"

आईचे डोळे भरून आले. "गोळ्यांचं काय करू, ते डॉक्टरीणबाईंना विचारायचंय गं. पण त्या रागावतील म्हणून भीती वाटते."

"आईची भीती घालव," शेवूनं मळ्यात परतून परीला सांगितलं.

"घालवते. पण भीती टाकायला कुठंच जागा नसते. अर्धी आईकडेच राहील, अर्धी तुला घ्यावी लागेल."

"अर्धी म्हणजे केवढी?"

"तुझ्या मुठीएवढी."

शेवूनं मूठ पुढे केली. मुठीत थंडगार गोळा आला, पण ती मागे सरली नाही.

आई त्याच दिवशी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई मुळीच रागावल्या नाहीत. "गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस. बाळाला कोणत्या चालतील, किती घ्यायच्या, ते मी ठरवते. आणि आकडी आली तर कांदा लावायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ द्यायचं, जवळ थांबायचं. लांबली, तर तडक इकडे आणायचं." शेवूनं प्रश्न विचारून विचारून त्यांना दमवलं!

हळूहळू आकडी कमी झाली. एकदा आली, तेव्हा शेवूच्या वाट्याची भीती जागी झाली. पण तिनं आईला कुशीवर वळवलं आणि जवळ बसून राहिली. मावशी कांदा घेऊन धावली. "मावशी, तो भाजीत घाल!" शेवू म्हणाली. मावशी ओशाळली, मग तिथेच बसली.

यथावकाश गुलाबी गालांची बाळी जन्मली. सगळ्यांनी तिला घेतलं. आई मात्र हात मागे ठेवून हळूच म्हणाली, "मी... मी घेऊ का तिला? मध्येच आकडी आली तर?"

शेवूनं जमिनीवर गोधडी अंथरली.

"घे की, आई! खाली बस. मी आहे ना जवळ."

आई बसली आणि बाळी तिच्या मांडीत आली. खिडकीत येऊन बसलेली परी हसली, केशरी उजेड झाली आणि विरून गेली. आईनं वर पाहिलंच नाही. ती बाळीची बोटं न्याहाळत होती.